वाचकांची पत्रं: पोरगी आंदोलनात बसते, मी काय करू?

या वेळी पाच पत्रं घेतलीत, पाचही एकाच विषयावरची. अमेरिकेतल्या युनिव्हर्सिट्यांमध्ये पॅलेस्टाइनच्या हक्कांसाठी पोरं बसतायत, आणि आपल्यातल्या कुणाची ना कुणाची तरी पोरं तिथे आहेत. माझं मत काय ते उत्तरांमधून कळेलच, लपवायचा काही विचार नाहीये.

ताई, माझी मुलगी न्यूयॉर्कमध्ये मास्टर्स करतेय, एफ-वन म्हणजे विद्यार्थ्यांच्या व्हिसावर. परवा व्हिडिओ कॉलवर तिच्या गळ्यात तो काळा-पांढरा चौकडीचा रुमाल दिसला. विचारलं तर म्हणाली आम्ही दर गुरुवारी पॅलेस्टाइनसाठी बसतो. तिच्या बाबांनी फोन हातातून घेतला आणि एवढं कर्ज काढून पाठवलं ते घोषणा द्यायला का म्हणून ओरडले. आता ती धड बोलत नाही. तिला कसं थांबवू? — एक आई

आधी बाबांना म्हणावं ओरडणं बंद करा. तत्त्वाचा वगैरे प्रश्न नाहीये, साधा व्यवहार आहे. ओरडलात की ती जायची थांबणार नाही, सांगायची थांबेल, आणि उद्या रात्री दोन वाजता काही झालं तर पहिला फोन तुम्हाला यायला हवा ना.

आता तुमची भीती. ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही कारण ती खोटी नाहीच. मार्च २०२५ मध्ये काय काय झालं बघा. न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी रंजनी श्रीनिवासन, आपल्याच देशातली, तिचा व्हिसा ५ मार्चला रद्द झाला. कारण शोधायला गेलं तर ३० एप्रिल २०२४ च्या रात्री पोलिसांनी कॅम्पस रिकामं केलं तेव्हा ती बाहेरच्या गर्दीत सापडली होती. तिचं म्हणणं मी आंदोलनात नव्हतेच, घरी परत येत होते. त्या रात्रीचे समन्स नंतर कोर्टात रद्दही झाले, पण व्हिसा रिन्यू करताना फॉर्मवर त्याचा उल्लेख नव्हता हे सरकारने पुढे तिच्याविरुद्ध वापरलं. आईसवाले, म्हणजे तिथले इमिग्रेशनचे अधिकारी, तिच्या दाराशी आले तेव्हा रूममेटने दार उघडलं नाही कारण त्यांच्याकडे जजच्या सहीचं वॉरंट नव्हतं. ११ तारखेला ती सामान घेऊन कॅनडाला निघून गेली.

टफ्ट्स युनिव्हर्सिटीतली रुमेयसा ओझतुर्क, तुर्कस्तानची, तिने तर कॉलेजच्या पेपरात तिघांबरोबर मिळून एक लेख लिहिला होता फक्त. वर्षभराने २५ मार्च २०२५ ला तोंडावर मास्क लावलेल्या लोकांनी तिला रस्त्यात गाठलं, लुईझियानाच्या डिटेन्शन सेंटरला नेलं, ९ मे ला कोर्टाने सोडलं. जॉर्जटाउनमधला भारतीय संशोधक बदर खान सूरी दोन महिने आत होता. आणि ज्याचं नाव सगळ्यात जास्त गाजलं तो कोलंबियातला महमूद खलील, त्याच्याकडे ग्रीनकार्ड होतं तरी १०४ दिवस आत काढले आणि मुलाचा जन्म झाला तेव्हा तो तिथेच होता.

यातली गंमत (गंमत कसली) अशी की यातल्या कुणावरही चोरी-मारामारीचा गुन्हा नव्हता. १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात एक कलम आहे, एखाद्या परदेशी माणसाचं तिथे असणं अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणाला मारक आहे असं परराष्ट्रमंत्र्यांनी ठरवलं तर त्याला बाहेर काढता येतं. खलीलवर आधी तेच लावलं. मग सप्टेंबर २०२५ मध्ये बोस्टनचे फेडरल जज विल्यम यंग यांनी सरळ निकाल दिला की कायदेशीर राहणाऱ्या परदेशी लोकांनाही बोलण्याचं स्वातंत्र्य नागरिकांइतकंच आहे आणि मतांसाठी असं पकडून बाहेर काढण्याचं धोरण घटनेच्या विरुद्ध आहे. छान झालं, पण कोर्टात जिंकणं वेगळं आणि जिंकेपर्यंत सहा आठवडे आत बसणं वेगळं, आणि हे तुमच्या मुलीला सांगायचा हक्क तुम्हाला नक्की आहे.

तर थांबवू नका, तिच्याशी मुद्द्याचं बोला. गुरुवारी लॉनवर परवानगी घेऊन बसणं, पोलिसांनी निघा सांगितल्यावरही न हलणं आणि बिल्डिंगचा ताबा घेणं या तीन फार वेगळ्या गोष्टी आहेत, तिच्या ग्रुपचं यातलं काय चाललंय ते विचारा, आणि तिची रेघ कुठे आहे ते तिलाच ठरवू दे. रेघ ठरलेली असली की आयत्या वेळी गर्दीच्या भरात निर्णय होत नाही. दुसरं म्हणजे पोरांना पोलिसांची भीती वाटते पण एफ-वनवाल्यांना खरा दणका बरेचदा युनिव्हर्सिटीच्या शिस्तभंग ऑफिसातून बसतो. सस्पेंड झालं की फुल-टाइम विद्यार्थी राहत नाही, फुल-टाइम राहिलं नाही की स्टेटस जातं. कॉर्नेलमध्ये एका पीएचडीच्या विद्यार्थ्यावर २०२४ मध्ये हीच वेळ आली होती. म्हणून कॉलेजकडून नोटिशीचा मेल आला तर तो उघडायचा, उत्तर द्यायचं, आणि उत्तर द्यायच्या आधी वकिलाशी बोलायचं. बऱ्याच लॉ स्कूल्समध्ये फुकट सल्ला देणारी क्लिनिक्स असतात.

व्हिसा आणि स्टेटस यातला फरकही तिला माहीत हवा. व्हिसा म्हणजे दारातून आत यायचा परवाना, स्टेटस म्हणजे आत राहायचा. नुसता व्हिसा रद्द झाला म्हणजे त्याच क्षणी देश सोडायलाच हवा असं नसतं, पण बाहेर पडलात तर परत आत येता येत नाही. २०२५ च्या वसंतात सरकारने हजारो विद्यार्थ्यांची सेव्हिसमधली, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतली, नोंदच बंद करून टाकली, धडाधड केसेस पडल्या आणि एप्रिलअखेर परत चालू करावी लागली. आणि कधीही अटक झाली असेल, केस रद्द झाली असली तरी, फॉर्मवर अटक झाली होती का या प्रश्नाला खरं उत्तर लिहायचं. याला पर्याय नाही.

रुमालाचं म्हणाल तर त्याला केफिया म्हणतात. राहू दे गळ्यात.

या पोरांना गाझाचा एवढा पुळका आहे तर तिकडे जावं. युनिव्हर्सिटीच्या हिरवळीवर तंबू ठोकून युद्ध थांबतं का? आणि कॉलेजचा त्या युद्धाशी संबंध काय? — एक नियमित वाचक

काका, तुमचा प्रश्न मला आवडला, सूर नाही आवडला.

संबंध पैशाचा आहे. अमेरिकेतल्या मोठ्या युनिव्हर्सिट्या नुसत्या फीवर चालत नाहीत, त्यांच्याकडे एन्डाउमेंट नावाची गंगाजळी असते, देणग्यांचा पैसा शेअर बाजारात आणि फंडांत लावलेला. हार्वर्डचा पन्नास अब्ज डॉलरच्या वर आहे, कोलंबियाचा २०२३ मध्ये साडेतेरा अब्जांच्या आसपास होता. पोरांची मागणी अशी की हा पैसा कुठे लावलाय ते आधी सांगा, आणि शस्त्रं बनवणाऱ्या किंवा इस्रायलच्या ताब्यातल्या भागात धंदा करणाऱ्या कंपन्यांत असेल तर काढून घ्या. डिस्क्लोज, डायव्हेस्ट ही घोषणा ऐकली असेल, ती हीच. युद्ध थांबवा हे कॉलेजला सांगून उपयोग नाही हे पोरांनाही कळतं, म्हणून तर जे कॉलेजच्या हातात आहे ते मागतात.

आणि हे त्यांनी काल शोधून काढलेलं नाही. कोलंबियात हॅमिल्टन हॉल नावाची बिल्डिंग आहे. १९६८ मध्ये व्हिएतनाम युद्धाशी जोडलेल्या एका संशोधन संस्थेशी युनिव्हर्सिटीचे संबंध होते आणि शेजारच्या हार्लेमच्या पार्कात जिम बांधायचं चाललं होतं, त्यावरून पोरांनी ती ताब्यात घेतली. ३० एप्रिलच्या पहाटे पोलीस घुसले, सातशेच्या आसपास अटका झाल्या. १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णभेदावरून त्याच बिल्डिंगच्या दाराला साखळ्या लावून पोरं पायऱ्यांवर तीन आठवडे बसली आणि त्याच वर्षी विश्वस्तांनी तिथल्या कंपन्यांतले पैसे काढायचं ठरवलं. पुढच्या वर्षी कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीने तीन अब्ज डॉलरच्या वरची गुंतवणूक काढायचा निर्णय घेतला. मग २०२४. १७ एप्रिलला पहाटे लॉनवर तंबू पडले, त्याच दिवशी युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंट मिनूश शफीक वॉशिंग्टनला अमेरिकेच्या संसदेसमोर साक्ष देत होत्या, दुसऱ्या दिवशी त्यांनी पोलीस बोलावले, शंभरावर पोरं पकडली. आणि झालं काय, तर शेजारच्या लॉनवर लगेच दुसरे तंबू पडले आणि देशभर पसरले! त्या वसंतात सगळ्या कॅम्पसेसवर मिळून तीन हजारांच्या वर अटका झाल्या. ३० एप्रिलला परत तीच हॅमिल्टन हॉल, पोरांनी तिला हिंद रजबचं नाव दिलं, गाझात गाडीत अडकून मारली गेलेली ती चिमुरडी, आणि रात्री पोलीस गाडीच्या शिडीवरून खिडकीतून आत आले. १९६८ च्या त्या पहाटेला त्या दिवशी बरोब्बर छप्पन्न वर्षं झाली होती. ऑगस्टमध्ये शफीकबाईंनी राजीनामा दिला.

म्हणजे जिंकले का? बहुतेक ठिकाणी नाही. ब्राउन युनिव्हर्सिटीने पोरांशी बोलणी केली, तंबू काढा, ऑक्टोबरमध्ये पैसा काढायच्या मागणीवर विश्वस्तांचं मतदान घेतो म्हणाले, शब्द पाळला, मतदान झालं आणि पोरं हरली. शिवाय आजचा पैसा १९८५ सारखा सरळ शेअर्समध्ये नसतो, इंडेक्स फंडांत हजारो कंपन्या मिसळलेल्या, त्यातून चार बाजूला काढणं किचकट आहे हे कॉलेजवाल्यांचं म्हणणं अगदीच बहाणा नाहीये. काही राज्यांत तर असा बहिष्कार टाकणाऱ्यांना सरकारी कंत्राट मिळत नाही असे कायदे आहेत.

पण समुद्रापलीकडे डब्लिनला ट्रिनिटी कॉलेजात वेगळं झालं. तिथे सुमारे बाराशे वर्षांपूर्वीचं एक हस्तलिखित आहे, बुक ऑफ केल्स, ते बघायला टुरिस्ट तिकीट काढून येतात. आधीच्या आंदोलनांमुळे बुडालेल्या तिकिटांबद्दल कॉलेजने विद्यार्थी संघटनेला दोन लाख चौदा हजार युरोचा दंड लावला होता. पोरांनी मे २०२४ मध्ये त्याच दारासमोर बाकं रचली आणि तंबू ठोकले. पाच दिवसांत कॉलेज टेबलावर आलं, संयुक्त राष्ट्रांच्या यादीतल्या इस्रायली कंपन्यांतून पैसा काढायचं कबूल केलं. एक पोलीस बोलवावा लागला नाही.

तिकडे जावं म्हणालात त्यावर एवढंच, गाझातली एकही युनिव्हर्सिटी धड उभी राहिलेली नाही. इस्रा युनिव्हर्सिटी तर जानेवारी २०२४ मध्ये सुरुंग लावून पाडली. हिरवळीवरच्या पोरांना ते आपल्यासारखे विद्यार्थी वाटले तर त्यात पुळका कसला.

आमचा मुलगा इथे अमेरिकेतच जन्मलेला, कॅलिफोर्नियात शिकतो, आंदोलनात पुढे असतो. त्याचा रूममेट ज्यू आहे, पहिल्या वर्षापासूनचा मित्र. आता दोघं बोलत नाहीत. रूममेटची आई मला म्हणाली तुमचा मुलगा ज्यूंचा द्वेष करतो. मला उत्तर देता आलं नाही. — एक बाबा

दादा, या पत्राला उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

इस्रायल सरकारवर टीका म्हणजे ज्यूंचा द्वेष नाही, हे ठाम. कोलंबियाच्या कॅम्पमध्ये एप्रिल २०२४ मध्ये पासओव्हर या ज्यू सणाच्या पहिल्या रात्री ज्यू पोरांनी तंबूंच्या मधोमध सेडरचं, म्हणजे त्या सणाचं, जेवण मांडलं होतं, ज्यूइश व्हॉइस फॉर पीस ही संघटना या आंदोलनात पहिल्यापासून आहे आणि कोलंबियाने नोव्हेंबर २०२३ मध्ये ज्या दोन संघटनांवर बंदी आणली त्यातली ती एक. पण त्याच आठवड्यात तिथल्या एका रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, ज्यू विद्यार्थ्यांना घरी निघून जा असा मेसेज पाठवला होता, कारण गेटबाहेर काही लोक खरंच घाणेरडं ओरडत होते. आणि कॅम्पमधल्याच एका म्होरक्याचा जुना व्हिडिओ बाहेर आला, झायोनिस्टांना, म्हणजे ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या पाठीराख्यांना, जगायचा हक्क नाही म्हणणारा. युनिव्हर्सिटीने त्याला कॅम्पसबंदी केली. आता हे बाहेरचे होते, तो एकटाच होता असं म्हणून आंदोलनवाले झटकतात तेव्हा मला पटत नाही. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये बाराशेच्या आसपास माणसं मारली गेली, अडीचशे ओलीस नेली, त्या रूममेटच्या ओळखीचं कुणी त्यात असू शकतं. नदीपासून समुद्रापर्यंत (जॉर्डन नदी ते भूमध्य समुद्र) पॅलेस्टाइन मुक्त होईल ही घोषणा तुमच्या मुलाला स्वातंत्र्याची वाटते आणि रूममेटला आम्हाला पुसून टाकायची वाटते, आणि दोघंही खोटं बोलत नाहीयेत.

पण उलट बाजूही घडलंय. यूसीएलएमध्ये, म्हणजे कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या लॉस एंजेलिस कॅम्पसवर, ३० एप्रिल २०२४ च्या रात्री विरोधी जमावाने काठ्या आणि फटाके घेऊन कॅम्पवर हल्ला केला, कित्येक तास पोलीस मध्ये पडले नाहीत, आणि एका दिवसानंतर अटक कुणाला तर कॅम्पमधल्या दोनशेवर पोरांना. तेव्हा असुरक्षित वाटतं हे दोन्हीकडचं खरं आहे, फक्त एकीकडच्यांना ते युनिव्हर्सिटीच्या प्रेसिडेंटच्या ऑफिसात जाऊन सांगता येतं.

त्या आईला फोन करा. मुलाची वकिली करू नका, तिचा मुलगा कसा आहे ते विचारा. आणि आपल्या मुलाला म्हणावं, हजार जणांसमोर मेगाफोन धरतोस ना, मग चार फुटांवरच्या पलंगावरच्या माणसाला तू कसा आहेस एवढं विचारायला काय होतंय. मित्राने मत बदलायला हवं अशी अट नको.

आंदोलनात सगळे तोंडं का झाकतात? काही चुकीचं करत नसतील तर चेहरा दाखवायला काय हरकत? — एक शिक्षिका

ऑक्टोबर २०२३ मध्ये हार्वर्डजवळ एक ट्रक फिरत होता, त्यावरच्या मोठ्या स्क्रीनवर विद्यार्थ्यांचे फोटो आणि नावं, वर ज्यूद्वेष्टे असा शिक्का. नंतर कोलंबियाजवळही आला. त्या सुमारास काही विद्यार्थ्यांच्या हातातल्या नोकऱ्याही गेल्या. म्हणून झाकतात. मार्च २०२५ मध्ये सरकारने चाळीस कोटी डॉलरची ग्रँट अडवल्यावर कोलंबियाने नियम केला की नियम मोडताना ओळख लपवायला मास्क चालणार नाही आणि मागितलं की आयकार्ड दाखवायचं. गंमत म्हणजे त्याच महिन्यात विद्यार्थ्यांना उचलणारे अधिकारी मात्र मास्क घालून होते.

ताई, मी इथे एफ-वनवर आहे, डोक्यावर चाळीस लाखांचं लोन आहे. माझी लॅबमधली मैत्रीण अमेरिकन आहे, ती प्रत्येक आंदोलनाला जाते, एकदा अटकही झालीय. मी एकदाही गेले नाही. जून २०२५ पासून व्हिसावाले सोशल मीडिया पब्लिक करायला लावतात म्हणून जुन्या पोस्टसुद्धा काढून टाकल्या. रोज रात्री स्वतःची लाज वाटते. — नाव नको

तुला एक सांगते, हे मी या पानावर आधी कधी लिहिलेलं नाही.

१९८६ मध्ये मी तिकडेच शिकत होते, तुझ्याच व्हिसावर. कॉलेजच्या मुख्य चौकात पोरांनी पत्रे, पुठ्ठे आणि जुन्या फळ्यांच्या झोपड्या उभारल्या होत्या, दक्षिण आफ्रिकेतल्या वस्त्यांसारख्या, विश्वस्तांना रोज येता-जाता दिसाव्यात म्हणून. माझी ऑफिसमेट तिथे झोपायची. मी रोज संध्याकाळी लायब्ररीतून निघताना लांबचा रस्ता धरायचे, म्हणजे चौक ओलांडायला नको. तिने मला कधी ये म्हटलं नाही. एकदाच म्हणाली, माझ्याकडे निळा पासपोर्ट आहे, मला घरी पाठवता येत नाही, म्हणून मी पुढे बसते.

हे वाक्य माझ्या डोक्यात राहिलं. धोका सगळ्यांना सारखा नसतो तर जागाही सारखी नसते. ज्याला कमी धोका त्याने पुढे. तुझ्या मैत्रिणीला हे बहुधा माहीत असणार, विचारून बघ. मागे राहून करायच्या गोष्टी खूप असतात आणि पुढे बसणाऱ्यांना त्यांची फार गरज असते. कोलंबियाच्या पोरांना पकडून पोलीस हेडक्वार्टरला नेलं तेव्हा बाहेर रात्रभर लोक खाणं, कोट, फोनचे चार्जर घेऊन थांबले होते, सुटून येणाऱ्यांसाठी. याला जेल सपोर्ट म्हणतात. तेही तुला जड वाटत असेल तर नको जाऊस. तिचे एक्सपेरिमेंट दोन दिवस सांभाळ. वकिलाच्या मेलची भाषा समजावून दे. गाझातल्या युनिव्हर्सिट्यांवर कुणी टीच-इन ठेवलं तर वाचायची सामग्री गोळा करून दे, ही टीच-इनची पद्धतसुद्धा १९६५ मध्ये मिशिगनला व्हिएतनाम युद्धाच्या वेळी सुरू झालेली, तिथे प्रोफेसर आणि पोरं रात्रभर नुसती शिकत-बोलत बसली होती. पोस्ट काढल्यास ते ठीक केलंस, पण फॉर्मवर हँडल लपवू नकोस, त्याने जास्त अडकशील.

त्या ऑफिसमेटला शेवटच्या महिन्यात वर्गात यायलाच जमत नव्हतं. मी तिच्यासाठी कार्बन घालून नोट्स काढायचे, मूळ कागद माझा, खालची निळी कॉपी तिची. ती कॉपी द्यायला मात्र मी चौकातून गेले, झोपडीच्या पत्र्यावर टकटक करून. फायनलला तिला माझ्यापेक्षा चार मार्क जास्त पडले, त्याचा राग मला अजून आहे.